जीपमधली एक जागा

“शरयू, इकडे ये. तुझी जागा धरलीय मी.”

टेम्पोच्या खिडकीतून कुमुदताईंनी हाक मारली तेव्हा पहाटेचे पाच वाजत होते आणि मी जीपच्या दाराशी उभी होते. ठाण्याच्या तलावपाळीवर आमच्या दोन गाड्या लागल्या होत्या. मागे भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर आणि पुढे माधव दिघ्यांची स्वतःची जीप. जीपमध्ये दिघे, त्यांची बायको अंजली आणि त्यांचे तीन मित्र बसले होते. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. अंजली थर्मासमधून सगळ्यांना चहा देत होती आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती. “इथे बसू का?” एवढंच मला विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले होते.

“अगं, ऐकू येत नाही का? खिडकीजवळची धरलीय.”

अंजलीने वळून पाहिलं. “जा शरयूताई, तुम्हाला बोलावणं आलंय,” ती म्हणाली.

मी टेम्पोत जाऊन बसले. माझ्या जागेवर कुमुदताईंनी कापडी पिशवी ठेवली होती. ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली आणि गाडी सुटायच्या आत बोलायला सुरुवात केली.

ही दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. एका औषधकंपनीच्या कचेरीत स्टेनो होते आणि दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होते. आई आदल्या वर्षी गेली. ती अकरा वर्षं अंथरुणावर होती, आणि त्या अकरा वर्षांत मी कचेरीखेरीज कुठे गेले नाही, डॉक्टरांखेरीज कुणी आमच्याकडे आलं नाही. ती गेल्यावर रविवार कसा घालवायचा ते मला कळेना. वर्तमानपत्रात पोतनीस सरांच्या पक्षीनिरीक्षण गटाविषयी चार ओळी वाचल्या आणि एका सकाळी त्यांनी सांगितलेल्या जागी जाऊन उभी राहिले. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी माझं नाव विचारलं, हातात दुर्बीण दिली आणि कडुलिंबावरचा तांबट दाखवला. मला आवडलं ते.

पण मला खरं आवडलं होतं ते दिघ्यांचं टोळकं. पस्तिशीची, हसती-खेळती माणसं. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी सगळे जमत, पक्ष्यांच्या स्लाइड्स बघत, मग खिचडी करत. मी हे ऐकून होते. मला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

मला गटात पहिल्या दिवसापासून कुणी आपलं मानलं असेल तर ते कुमुदताई हळब्यांनी. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं ऑपरेटर होत्या, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांचंही लग्न झालेलं नव्हतं. भाऊ इंदूरला. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बोलायच्या मात्र अखंड. दूधवाल्यापासून देवापर्यंत कुठलाही विषय त्यांना पुरायचा. रोज संध्याकाळी सातला त्यांचा मला फोन येई. आईच्या आजारपणासाठी घेतलेला तो फोन ती गेल्यावर वाजेनासा झाला होता. मग तो वाजायचा तो फक्त कुमुदताईंचा. कधीकधी मी तो वाजू देई. दहा-बारा वेळा वाजून थांबे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होई.

नांदखारला आम्ही साडेआठला पोचलो. पालघरच्या पुढे खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं गाव आहे. गावाबाहेर वनखात्याने कांदळवनाचा मोठा पट्टा पक्ष्यांसाठी राखून ठेवला आहे. गावापासून एक मातीचा बांध खाडीत जातो, साधारण एक किलोमीटर, आणि त्याच्या टोकाला एका उंचवट्यावर लाकडी मनोरा आहे. मनोऱ्यावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंना चिखल आणि पाणी.

बांधावर चढायच्या आधी सरांनी सगळ्यांना थांबवलं.

“परवा पौर्णिमा झाली. आज दोनच्या सुमाराला मोठी भरती आहे,” ते म्हणाले. “बांध मध्ये उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दारापाशी, खचलेला आहे. तेवढा भाग बारानंतर पाण्याखाली जातो. पाणी चढायला लागलं की पक्षी मनोऱ्याच्या जवळ येतात, तो आपला फायदा. पण साडेअकराला सगळ्यांनी परत निघायचं. मग मिठागरांवर जाऊ. भरतीच्या वेळी हे सगळे पक्षी तिकडे बसायला जातात.”

पुढचे दोन तास फार चांगले गेले. पाणी वितभर वितभर आत येत होतं आणि त्याच्यापुढे तुतारी पक्ष्यांचे थवे चिखलावरून सरकत होते. सर आकडे सांगायचे, एक मुलगी वहीत लिहायची. मी कठड्याशी उभी होते. कुमुदताई माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या आणि त्यांचं चाललेलं होतं.

“तो बघ, तो एका पायावर उभा आहे तो. आमच्या एक्स्चेंजच्या साहेबांसारखा दिसतो की नाही? तेही असेच, एक पाय खुर्चीवर घेऊन बसायचे.”

“हळबेबाई, जरा हळू,” कुणीतरी म्हणालं.

त्या गप्प झाल्या. अर्ध्या मिनिटाने माझ्या कानात कुजबुजल्या, “पण दिसतो की नाही?”

मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, चिखलापलीकडे कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला एक कातळ होता. तिथे कालवफोडे उतरले आहेत असं दिघ्यांनी सांगितलं आणि सगळे तिकडे धावले. काळे-पांढरे, लांब लाल चोचीचे. गटातल्या बऱ्याच जणांनी हा पक्षी आधी पाहिलेला नव्हता. सरांनी मोठी दुर्बीण तिच्या तीन पायांच्या घोडीवर लावली आणि रांग लागली. मी पाहिले. कुमुदताईंचा नंबर शेवटचा होता. त्यांनी डोळा लावला तोवर पक्षी कातळाच्या पलीकडच्या अंगाला गेले होते.

“मला नुसता दगड दिसतोय,” त्या म्हणाल्या. त्यांच्याजवळची दुर्बीण जुनी, भावाने दिलेली. तिच्यातून वीस पावलांपलीकडचं धुरकट दिसायचं.

साडेदहाला आम्ही मनोऱ्याच्या खाली सावलीत डबे सोडले. अंजली आणि तिच्या मित्रांनी एक चादर अंथरली होती. मी मुद्दाम तिच्या काठाशी बसले. अंजलीने सरकून जागा दिली. तेवढ्यात कुमुदताई आल्या, आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

“हे सगळं तिचं आहे बरं का,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “वालाचं बिरडं. आई गेल्यापासून खाल्लं नाही म्हणाली होती फोनवर. आमच्याकडे डाळिंब्या करतात, गूळ घालून. हिच्यासाठी तुमच्या कायस्थांच्या पद्धतीने केलंय. दोन दिवस वाल भिजवून, मोड आणून, एक-एक सोललाय. खा गं. बघ जमलंय का.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन घास खाल्ले. बिरडं चांगलं झालं होतं. आईच्या हातची चव नव्हती, पण चांगलं होतं.

“बरं झालंय,” मी म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. “आत्ता भूक नाही.”

“नंतर खा,” त्या म्हणाल्या.

अंजली हसली. “आमचे असे लाड कुणी करत नाही बाई.” मग तिने पर्समधून छोटी वही काढली. पुढच्या महिन्यात कच्छच्या रणात सहा दिवसांचं शिबिर होतं, त्याची नावं ती लिहून घेत होती. “खोल्या दोघादोघांच्या आहेत,” ती म्हणाली. “आम्ही दोघं एक. जोशी नवरा-बायको एक. आणि तुम्हा दोघींची एक, ते विचारायलाच नको.”

“नकोच विचारू,” कुमुदताई म्हणाल्या.

तिने वहीत आमची नावं एकाखाली एक लिहिली आणि दोन्हींना मिळून एक कंस घातला.

मी तो कंस बघत राहिले. त्या क्षणी मला काय झालं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. एवढं खरं, की पाच महिने मी ज्या माणसांच्यात शिरायची धडपड करत होते, त्यांनी माझी जागा केव्हाच ठरवून टाकली होती. त्यांच्या लेखी आम्ही ‘त्या दोघी’ होतो. एकट्या राहणाऱ्या, पोक्त, डबे घेऊन येणाऱ्या. कुमुदताईंकडे बघून ते जसे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत, तसे माझ्याकडे बघूनही खुणावत असतील, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

सव्वाअकराला आवराआवर सुरू झाली. सर घोडी मिटत होते. बाकीचे बांधाच्या दिशेने निघाले होते. कुमुदताईंनी माझा दंड धरला.

“शरयू, मी त्या कातळापर्यंत जाऊन येते. सगळ्यांनी पाहिले, मीच राहिले. पलीकडून दिसतील. दहा मिनिटं लागतील फार तर. सरांना सांग, थोडं थांबा म्हणावं.”

“बरं,” मी म्हणाले.

त्यांनी साडी घोट्यांच्या वर खोचली आणि मनोऱ्यामागच्या पायवाटेने गेल्या. झाडी होती, दोन-चार पावलांत दिसेनाशा झाल्या. मी सरांना सांगायला वळले. सर पुढे गेले होते. मी चालायला लागले. वाटेत गाठून सांगू, असं मनात होतं. तेव्हा खरंच होतं.

बांधावर अंजलीने मला गाठलं.

“शरयूताई, आज एकट्याच? मग येता का आमच्या जीपमध्ये? मागे एक जागा आहे. तिथून मिठागरापर्यंत रस्ता सुंदर आहे, गाणी म्हणत जाऊ.”

एक जागा आहे, असं ती म्हणाली. मी सरांना सांगितलं असतं तर सगळे थांबले असते, कुमुदताई आल्या असत्या, आणि माझा हात धरून मला टेम्पोत घेऊन गेल्या असत्या. मी अंजलीबरोबर चालत राहिले. उघाडीपाशी बांध खचला होता तिथे माती ओली झाली होती आणि कडेने पाणी चमकत होतं.

गावात गाड्यांपाशी घाई चाललेली होती. टेम्पोच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. सर पायरीवर उभे राहून बोटाने माणसं मोजत होते. मी जीपकडे निघालेली त्यांना दिसले.

“शरयूताई, तुम्ही जीपमधून येताय का?”

“हो.”

“आणि हळबेबाई? त्याही तुमच्याबरोबरच ना?”

मी मागे वळून पाहिलं. बांध सरळ दिसत होता, पार मनोऱ्यापर्यंत. त्यावर कुणी नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं. जीपमध्ये मला कुणी काही विचारलं नाही. कुमुदताई टेम्पोतच असतात हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी फार सुखात होते. याबद्दल खोटं बोलू नये. मागच्या बाकावर आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो होतो. अंजलीने संत्रं सोलून पुढून फोडी दिल्या. गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. माझ्यावर ‘ण’ आला तेव्हा सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी भांडून अक्षर बदलून घेतलं. मी एक जुनं गाणं म्हटलं. दिघे आरशातून बघून म्हणाले, “शरयूताई, तुमचा आवाज इतका गोड आहे हे माहीत नव्हतं आम्हाला. पुढच्या वेळी घरी या, स्लाइड्सना.” पाच महिने ज्याची वाट बघितली ते बोलावणं ते असं सहज आलं.

मग जीप एका पुलावर चढली. खाली खाडीचा फाटा होता. सकाळी येताना तिथे नुसता चिखल पाहिला होता. आता तिवराच्या झाडांचे फक्त शेंडे वर होते आणि पाणी आतल्या दिशेने वेगाने चाललं होतं. माझ्या हातात संत्र्याची फोड होती. ती मी रुमालात गुंडाळली.

तेव्हा बोलायला हवं होतं. गाडी वळवायला लावायला हवी होती. पण काय सांगायचं? मी स्वतःलाच म्हटलं, त्या येतीलच मागून. गावात एसटी असेल. पुढे काही मनाशी म्हणता येईना तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले. पुलापासून मिठागरापर्यंत आणखी दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी गप्प बसले, हेही सांगितलं पाहिजे.

मिठागरांच्या कडेला टेम्पो आधीच लागला होता. सर उतरून उभे होते. जीपमधून एकेक जण उतरला. सरांनी शेवटपर्यंत पाहिलं.

“हळबेबाई कुठायत?”

“टेम्पोत असतील ना,” अंजली म्हणाली.

सर माझ्याकडे वळले. “तुम्ही हो म्हणालात.”

“मला वाटलं तुम्ही... मला नीट ऐकू आलं नाही, सर. इंजिनच्या आवाजात. मला वाटलं त्या टेम्पोत चढल्या.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी घड्याळात पाहिलं, मग लांबवरच्या पाण्याकडे. “दिघे, गाडी काढा,” ते म्हणाले.

दिघे, सर आणि मी, तिघंच परत निघालो. मला कुणी या म्हटलं नव्हतं, मी आपणहून बसले. मागच्या बाकावर मी एकटी होते. सगळ्या वाटेत सर एकच वाक्य बोलले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः चेहरा बघायला हवा होता.”

नांदखारला पोचलो तेव्हा बांधाचा मधला भाग दिसतच नव्हता. मनोरा पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता आणि त्यावर कुणी नव्हतं. सर हाका मारायला लागले. त्यांचा आवाज फाटला. तेवढ्यात कोळीवाड्यातून एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, “ती बाय चंपाकडे हाय. या.”

चंपाबाई मेहेरांचं घर किनाऱ्यालगत होतं. ओट्यावर कुमुदताई बसल्या होत्या. अंगावर कुणाचं तरी सुती लुगडं, केस ओले, पाय उघडे. हातात काळा चहा. समोर चंपाबाई उकिडव्या बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि सरळ सरांच्या अंगावर गेल्या.

“तुमीच का पुढारी? मानूस टाकून जातात का असं? आमी कालवं काडून होडीनं येत होतो म्हनून. उघाडीवर कमरंएवड्या पान्यात उबी होती ती. खांबाला धरून. पानी वडत होतं. आनि ओरडत पन नव्हती. आमाला दिसली म्हनून दिसली.”

“ओरडत का नव्हतात, कुमुदताई?” सरांनी विचारलं. त्यांचे हात जोडलेले होते.

“ऐकणार कोण होतं,” कुमुदताई म्हणाल्या.

त्यांची चप्पल गेली होती. दुर्बीण गेली होती. कापडी पिशवी डब्यासकट गेली होती. डाव्या पायाला शिंपल्याने लांब चीर पडली होती, त्यावर चंपाबाईंनी हळद दाबली होती.

“सर, सात होते,” त्या म्हणाल्या. “कालवफोडे. कातळाच्या मागे. लिहून घ्या.”

सरांनी खिशातून कागद काढला आणि खरोखरच लिहून घेतलं. मग म्हणाले, “आमच्याकडून फार मोठा अपराध झाला. मी शरयूताईंना विचारलं होतं, त्यांना वाटलं तुम्ही—”

कुमुदताईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याच्या पायरीखाली उभी होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे साधे होते, नेहमीचेच.

“तिची काही चूक नाही,” त्या सरांना म्हणाल्या. “मीच तिला म्हटलं होतं, मी पुढे होते म्हणून. मग माझंच मन बदललं आणि मी कातळाकडे वळले, परत यायला उशीर झाला. सांगायचं राहिलं.”

सरांनी सुस्कारा सोडला. दिघ्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

घरामागे विहिरीपाशी कुमुदताईंची साडी वाळत घातली होती. ती आणायला मी गेले. साडी ओलीच होती. मी ती पिळत असताना लंगडत, भिंतीला धरत त्या मागे आल्या. मला वाटलं आता बोलतील. मी तयारही होते. बोलाव्यात असंच वाटत होतं.

“बावीस वर्षं बोर्डावर बसले मी,” त्या म्हणाल्या. “लाइन आपोआप तुटली की कुणी हातातला फोन खाली ठेवला, ते लगेच कळतं गं.”

मी साडी पिळत राहिले.

“मला एकच सांग. मी फार बोलते का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. साडीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली.

ठाण्यापर्यंत त्या जीपमध्ये मागे माझ्याशेजारी खिडकीकडे बसल्या होत्या. मिठागरावरून इतरांना घेऊन टेम्पो पुढे निघाला होता. चार तासांच्या त्या वाटेत कुमुदताई एकदाही बोलल्या नाहीत. सरांनी काही विचारलं की हो किंवा नाही म्हणत. नौपाड्यात उतरताना मला म्हणाल्या, “जपून जा.” पायात चंपाबाईंनी दिलेल्या रबरी चपला होत्या.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सातच्या सुमाराला मी घरात असेन तर फोनच्या खोलीत बसायची. एकदा मी स्वतः त्यांचा नंबर फिरवला. त्यांनी उचलला, “हॅलो” म्हणाल्या, आणि मी ठेवून दिला. कुणी ठेवला ते त्यांना कळलं असणार.

त्या गटात पुन्हा आल्या नाहीत. सर दोनदा घरी जाऊन आले. पाय बरा आहे म्हणाले, पण आता फिरणं नको म्हणतात. गटातली माणसं आठ-पंधरा दिवस हळहळली. नंतर एकदा कुणीतरी म्हणालं, “हल्ली पक्षी जास्त दिसतात, नाही?” आणि बाकीचे हसले. मीही हसले असेन.

फेब्रुवारीत मी कच्छच्या रणात गेले. अंजलीच्या वहीत कंसातलं वरचं नाव खोडलेलं होतं. पहिल्या दिवशी किल्ल्या वाटताना ती म्हणाली, “शरयूताई, तुम्हाला एकटीला अख्खी खोली. चैन आहे.” सहा दिवस दिवसभर मी त्यांच्यात होते. गात होते, हसत होते. दिवेलागणीला सगळे आपापल्या खोल्यांत जात. माझ्या खोलीत दोन पलंग होते. एकावर मी सामान ठेवत असे.

परत आल्यावर, होळीच्या आधीच्या शनिवारी दुपारी, मी नौपाड्याला गेले. तीन जिने चढले. दार कुमुदताईंनी उघडलं. “ये,” म्हणाल्या. घर नीटनेटकं होतं. खिडकीत पाण्याचं भांडं आणि ज्वारीचे दाणे ठेवलेले होते. त्यांनी चहा केला, समोर बसल्या, आणि गप्प राहिल्या.

“पाय कसा आहे?”

“बरा आहे.”

“सर आठवण काढतात.”

“हं.”

तेवढंच. विचारलं तेवढंच बोलत होत्या. ती शांतता मला सोसेना आणि मी बोलायला लागले. रणातल्या रोहित पक्ष्यांचं सांगितलं. कचेरीचं सांगितलं. मग कसं कोण जाणे, आईचं सांगायला लागले. अकरा वर्षांचं. तिला कुशीवर कसं वळवायचं, रात्रीची ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची, शेवटच्या दिवशी मी कचेरीत होते. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. दीड तास मी एकटी बोलत होते. कुमुदताई अधूनमधून “हं” म्हणायच्या. बोर्डावर बसून बावीस वर्षं ऐकत आल्या असतील तशा ऐकत होत्या. चहाच्या कपावर साय धरली.

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या. पुन्हा ये, म्हणाल्या नाहीत.

दोन जिने उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, की ज्यासाठी आले होते ते सोडून बाकी सगळं मी बोलले. मी परत वर गेले. घंटी वाजवली. दार लगेच उघडलं.

“सरांनी विचारलं तेव्हा मला नीट ऐकू आलं होतं,” मी म्हणाले. “मी मुद्दाम हो म्हणाले. तुम्ही कातळाकडे गेला आहात हे मला माहीत होतं. पाणी चढतंय हेही माहीत होतं.”

कुमुदताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“ते मला त्याच दिवशी कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते नाही शरयू. ते मी विसरलेही असते. पण मी तुझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलले, आणि तू ते घेतलंस. तिथे उभी राहून नुसतं घेतलंस. मला वाटलं होतं, तू म्हणशील, नाही सर, त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या. मी वाट बघत होते. गाडीत पण बघत होते, ठाण्यापर्यंत.”

मी जिन्याचा कठडा धरला.

“जा आता,” त्या म्हणाल्या. “ऊन उतरलंय.”

त्यांनी दार आपटलं नाही. हलकेच लोटलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले, कडी लागल्याचा आवाज यायची वाट बघत. तो आला नाही. आत पावलांचाही आवाज झाला नाही. त्या दारामागेच उभ्या आहेत हे मला कळलं, आणि मी बाहेर उभी आहे हे त्यांनाही कळत असणार. बराच वेळ आम्ही तशा उभ्या होतो. कुणीतरी खालून वर येत होतं, पिशवी जिन्याला घासत.

मग मीच उतरले.